रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणीतला रविवार

वाचकहो, जुन्या धर्माचा नव्या काळच्या दुःखांशी काय संबंध, असा प्रश्न आमच्या उपदेशकांस चावडीवर व बाजारात पुष्कळदा विचारण्यात येतो. मजुरी थकली, सावकाराचे देणे झाले, मूल कारखान्यात हात गमावून बसले, तर ह्यांत देवाचे काय काम, असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, सर्व काही वडिलांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे, नवे काही शोधावयास नको. ह्या वादात आम्ही येथे पडत नाही. ज्या पुरुषाला हा प्रश्न गिरणीच्या दारात भेटला आणि ज्याने जन्मभर त्याचे उत्तर कामाने दिले, त्याचे चरित्र सांगण्याचे मात्र योजिले आहे. तो आमच्या मंडळीतला नव्हता. पण ज्या रविवारी आपण उपासनेस जमतो त्या रविवाराशी त्याचा संबंध फार निकटचा आहे.

खेड्यांतून जे कोणी मुंबईस जातात त्यांस भायखळा हे नाव ओळखीचे आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालले. भायखळ्याच्या स्टेशनावर उतरून पूर्वेच्या बाजूस गेले म्हणजे राणीची बाग लागते. ही बाग 1862 साली खुली झाली. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे, तरी लोकांच्या तोंडी अद्याप राणीची बागच आहे. गावाकडचा मनुष्य पोरांस घेऊन तेथे वाघ व हत्ती पाहावयास जातो. 1893 साली त्याच बागेत गिरण्यांतील हजारो मजूर वेगळ्याच कारणासाठी जमले होते. ते कारण पुढे येईलच. त्यांस तेथे एकत्र आणणारे गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

त्यांचा जन्म 1848 साली ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसर गावचे, जातीने फुलमाळी, आणि स्थिती गरिबीची. नारायण पाच वर्षांचा असता, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी भायखळ्यावरून ठाण्यास आली. ज्या लोकांनी पूर्वी बैलगाडीपलीकडे दुसरे वाहन पाहिले नव्हते त्यांच्या दारी वाफेचे युग अशा रीतीने येऊन उभे राहिले. त्या युगाने मुंबईस पैसा आणला आणि माणसेही ओढून आणली. नारायणाचे शिक्षण ठाण्यासच मॅट्रिकपर्यंत झाले. पुढे शिकण्याची ऐपत नसल्यामुळे त्याने नोकरी धरली; प्रथम रेल्वेच्या टपालात, मग पोस्टात, आणि त्यानंतर मुंबईत मांडवी येथील कापडाच्या गिरणीत कोठारावरील कारकून म्हणून. ह्या तिसऱ्या नोकरीने त्यांच्या आयुष्याला वळण दिले.

त्या काळची गिरणी कशी होती हे आमच्या तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. मुंबईतली पहिली सूतगिरणी कावसजी दावर नामक पारशी गृहस्थांनी 1854 साली ताडदेव येथे काढली आणि दोन वर्षांनी तीत सूत निघू लागले. त्यानंतर भायखळा, परळ, चिंचपोकळी, लालबाग ह्या बाजूंस धुराड्यामागे धुराडी उठली. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर येथील शेतात पोट भरेना असे लोक चाळींतून येऊन राहिले. गिरण्यांत विजेचे दिवे अजून लागले नव्हते, म्हणून काम सूर्यावर चाले. सूर्य उगवला की यंत्र सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात हे तास तेरा-चौदा होत. दुपारी भाकरी खाण्यास नेमलेला वेळ नसे. पुष्कळ जण यंत्राशेजारीच घास घेत. पगार पुढचा महिना अर्धा उलटून गेला तरी हाती पडत नसे, मग वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज. लहान मुले सुताच्या धुळीत दिवसभर उभी असत. सुटी दिवाळी-शिमग्यासारख्या सणांना मिळे, परंतु आठवड्यातून एक दिवस ठरलेला विसावा कोणास नव्हता. आणि ज्या रविवारी गिरणी बंद ठेवीत त्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी मजुरांस बोलावून अर्धा दिवस खर्ची पाडीत.

कोठारावर बसणाऱ्या कारकुनाला हे सर्व रोज दिसते. त्याचा हात यंत्रात सापडत नाही, पण ज्याचा सापडतो त्याला घेऊन लोक त्याच्या दारावरून जातात. अशा जागी बसून डोळे मिटून घेणारे पुष्कळ असतात. लोखंडे त्यांपैकी नव्हते.

त्यांची दृष्टी ज्या गुरूने तयार केली तो गुरू पुण्याचा. जोतीराव फुले हे नाव आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. 24 सप्टेंबर 1873 रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. देव आणि मनुष्य ह्यांच्यामध्ये भटाचा दलाल नको, सर्व माणसे एका निर्मिकाची लेकरे, असे ह्या समाजाचे म्हणणे होते. लोखंडे थोड्याच काळात ह्या समाजात आले आणि मुंबईत त्याचे मोठे आधारस्तंभ झाले. 1877 साली पुण्यात कृष्णराव भालेकर ह्यांनी काढलेले दीनबंधु नावाचे साप्ताहिक बंद पडावयाच्या बेतास आले होते. 1880 साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणून चालविले आणि त्यासाठी गिरणीची बरी नोकरी सोडली. शेतकरी व मजूर ह्यांचे गाऱ्हाणे सांगणारे मराठी पत्र त्या वेळी दुसरे क्वचितच होते.

गुरुशिष्यांत एकदा खटकाही उडाला. जोतीरावांनी 1883 साली शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक लिहिले, त्याचे आरंभीचे भाग दीनबंधूत छापून आले, आणि मग लोखंड्यांनी छापणे थांबविले. सरकारची व बड्या लोकांची गैरमर्जी होईल अशी त्यांस धास्ती वाटली असावी. जोतीरावांनी त्याबद्दल त्यांना भित्रे संपादक म्हणून चांगलेच फटकारले. आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण थोर माणसांची चरित्रे लिहिताना त्यांस संगमरवरी करून टाकण्याची खोड फार वाढली आहे. लोखंडे सावध स्वभावाचे होते. सरकारशी भांडण्यापेक्षा अर्ज, सभा व साक्ष ह्यांनी काम साधावे असे त्यांस वाटे. त्यांचे जे यश पुढे येते त्यात ह्या स्वभावाचा वाटा आहे, आणि त्यांच्या कामाला जी मर्यादा पडली तिच्यातही आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. 1881 साली सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला. मुंबईत शोराबजी शापुरजी बंगाली ह्या पारशी सद्गृहस्थांनी त्यासाठी खटपट केली होती. ह्या कायद्याने सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची बंदी झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांची मर्यादा मिळाली. मोठ्या माणसांस, पुरुष असो वा स्त्री, काहीच मिळाले नाही. त्यातही एक पेच होता. विलायतेत लँकेशायर परगण्यातील गिरणीवाल्यांस मुंबईच्या स्वस्त कापडाची धास्ती होती, म्हणून येथील मजुरांचे तास कमी करा अशी ओरड तेही करीत. ह्यामुळे राष्ट्रीय म्हणविणाऱ्या आमच्याकडील कित्येक पत्रांनी मजुरांच्या कायद्यास विरोध केला. हा परक्यांचा कावा आहे, देशी धंदा बुडेल, असे त्यांनी लिहिले. कावा असेल. पण चौदा तास उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय देशी मालकाच्या गिरणीतही दुखतातच, एवढे ह्या पत्रांस सुचले नाही. लोखंड्यांस ते सुचले, कारण ती बाई त्यांनी पाहिली होती.

1884 साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. तेव्हा 23 व 26 सप्टेंबर रोजी परळला सुपारीबागेत लोखंड्यांनी मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे 5,500 जणांच्या सह्यांचा अर्ज कमिशनापुढे गेला. मागण्या अगदी साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत द्यावा. काम करताना जो जखमी होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि जन्माचा पंगू होईल त्याला पोटापुरते काही मिळावे. ज्यांस सही करता येत नव्हती अशा माणसांच्या वतीने आपल्या देशात हे लेखी मागणे प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने पुढे आले.

ह्यांतील पहिली मागणी आमच्या विषयाची आहे. सुटी कोणत्या वारी मागावी? रविवार हा इंग्रज राज्यकर्त्यांच्या उपासनेचा दिवस, सरकारी कचेऱ्या त्या दिवशी बंद, हे सर्वांस ठाऊक होते. पण गिरणीतला मजूर त्या कारणाने सुटी मागता तर मालक त्यास हसले असते, आणि मजुराच्या स्वतःच्या मनालाही ते मागणे परके वाटले असते. लोखंड्यांनी कारण दुसरे दिले. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार. आठवड्यातून एक दिवस तरी कुळदैवताच्या सेवेसाठी आमचा आम्हाला द्या, असे मागणे मांडण्यात आले.

वाचकहो, जेजुरीपासून फार दूर नसलेल्या गावांत आपली कित्येक माणसे राहतात, तेव्हा खंडोबाविषयी आम्ही अधिक सांगणे म्हणजे करवंदीच्या जाळीत बसलेल्यास करवंद दाखविणे. धनगर, माळी, रामोशी, कोळी, मराठे, तसेच कित्येक ब्राह्मण घराणी ह्यांचे ते कुळदैवत. काही मुसलमानही त्यास मल्लूखान म्हणून मानीत. पुणे, नगर, सातारा ह्या बाजूंच्या ज्या कुळंब्यांनी परळच्या चाळी भरल्या त्यांच्या देव्हाऱ्यात त्याचा टाक होताच. रविवारी भंडारा लावावा, तळी भरावी, वाघ्यामुरळीचे गाणे ऐकावे, हा त्यांचा गावचा क्रम. मुंबईच्या भोंग्याने तो क्रम मोडला होता. तेव्हा लोखंड्यांनी मजुरांच्या तोंडी काही नवे शब्द घातले असे नव्हे. जो वार त्यांच्याकडून हिरावला गेला होता त्याचे नाव त्यांनी अर्जात लिहिले.

येथे कोणी विचारील की, सत्यशोधक म्हणविणाऱ्याने मूर्तीचे नाव पुढे करावे हे कसे? हा ढोंगीपणा नव्हे काय? हा प्रश्न रास्त आहे. ह्याचे एक उत्तर जोतीरावांच्या लिहिण्यात सापडते. 1873 सालच्या गुलामगिरी ह्या पुस्तकात त्यांनी खंडोबास पोथ्यापुराणांतून बाहेर काढले आहे. बळीराजा म्हणून शूद्रांचा जो न्यायी राजा होऊन गेला, त्याच्या राज्याची नऊ खंडे होती आणि प्रत्येक खंडावरचा अधिकारी तो खंडोबा, अशी त्यांची मांडणी. हा इतिहास पंडितांस पटणार नाही आणि आम्हीही तो इतिहास म्हणून पुढे करीत नाही. परंतु त्यातला रोख समजण्यासारखा आहे. जेजुरीच्या डोंगरावरील देव म्हणजे गरिबांचा एके काळचा न्यायाधीश, असे एकदा मनात बसले, की त्याच्या वारी विसावा मागणे म्हणजे न्यायच मागणे झाले. त्याच पुस्तकात जोतीरावांनी आपल्या प्रभू येशूलाही बळीराजांच्या पंक्तीत बसविले आहे, हे आमच्या उपदेशकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर आम्हास निर्गमाच्या पुस्तकात दिसते. मोशे फारोपुढे गेला तेव्हा त्याने आरंभी राज्य मागितले नाही. रानात तीन दिवसांची वाट चालून आपल्या देवास यज्ञ करावयास लोकांना जाऊ द्या, इतकेच मागितले. फारोने त्याचा अर्थ बरोबर लावला. लोक आळशी झाले आहेत म्हणून त्यांस देवधर्म सुचतो, असे म्हणून त्याने पेंढा बंद केला आणि विटांची संख्या मात्र तितकीच ठेवली. वेठीच्या मनुष्याला स्वतःसाठी विसावा मागण्याची लाज वाटते. देवासाठी मागताना त्याचा कणा ताठ होतो. अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा पुन्हा सांगताना दास, दासी, बैल व गाढव ह्यांची नावे घेतली आहेत आणि तुम्ही स्वतः मिसरात दास होता ह्याची आठवण करून दिली आहे. विसाव्याचे मागणे आणि देवाची आठवण ही दोन फार जुन्या काळापासून एकमेकांस बांधलेली आहेत. परळच्या मजुराने त्या गाठीचे आपल्याकडचे टोक धरले होते.

तथापि एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. ज्या खंडोबाच्या नावाने सुटी मागितली त्याच खंडोबाच्या नावाने गोरगरिबांच्या मुली मुरळी म्हणून वाहिल्या जात, आणि त्यांच्या आयुष्याची जी धूळधाण होई ती आपल्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. शिवराम जानबा कांबळे ह्यांनी पुढे ह्या चालीविरुद्ध झुंज घेतली, आणि मुंबई इलाख्यात देवाला मुली वाहण्याविरुद्ध कायदा व्हावयास 1934 साल उजाडले. एकच दैवत, एकच वार. मजुराला त्याने विसावा दिला आणि पोरीला विकले. ज्यांस जुना धर्म सगळा सोने दिसतो त्यांनी मुरळीकडे पाहावे, आणि ज्यांस तो सगळा माती दिसतो त्यांनी सुपारीबागेकडे.

1884 चा अर्ज कपाटात पडून राहिला. सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मजुरांची प्रचंड सभा भरली. दहा हजारांवर लोक आले होते. आणखी आश्चर्य म्हणजे त्या सभेत दोन मजूर स्त्रियांनी उभे राहून भाषण केले. शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांतून स्त्रीने चारचौघांत तोंड उघडणे तेव्हा दुर्मिळ होते, आणि येथे बाचक्याबोचक्यांसह आलेल्या गिरणीतल्या बाया हजारोंपुढे बोलल्या. त्यांची नावे सर्वतोमुखी झाली नाहीत ह्याचे आम्हास वाईट वाटते. सभेतून रविवारच्या सुटीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला, आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी आठवड्याची सुटी कबूल केली. त्याच साली हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या कारखाना कमिशनात मुंबईच्या बाजूने लोखंड्यांस घेण्यात आले. 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारचा अर्धा तास सर्वांस मिळाला, स्त्रियांस अकरा तासांची मर्यादा पडली, आणि नऊ वर्षांखालील मूल कारखान्याबाहेर राहिले. पुरुषांच्या तासांस मात्र कायद्याची मर्यादा पडण्यास आणखी वीस वर्षे लागली. 1911 साली कापडाच्या गिरण्यांत ती बारा तासांवर आली.

भायखळ्याच्याच शेजारी मदनपुऱ्यात मुसलमान विणकरांची मोठी वस्ती. त्यांचा पवित्र वार शुक्रवार. रविवार हा सर्वांच्या धर्माचा दिवस नव्हता. तरी सुटीचा दिवस एकदा ठरल्यावर तो कोणी खंडोबाला दिला, कोणी प्रभूला दिला, कोणी चाळीच्या ओट्यावर झोपून काढला. हा उपयोगाचा फरक लोखंड्यांच्या मनास बोचला असेल असे आम्हास वाटत नाही.

ह्याच सुमारास, म्हणजे 1890 साली, त्यांनी दुसरे एक काम केले, ते संख्येने लहान पण धैर्याने मोठे. उच्च म्हणविणाऱ्या जातींत विधवेचे केशवपन करण्याची चाल होती. नवरा मरताच, मग ती दहा वर्षांची का असेना, तिला न्हाव्यापुढे बसवीत. धर्माची आज्ञा शास्त्री सांगे, घरचे लोक तिचे हात धरीत, आणि वस्तरा चालविणारा मात्र न्हावी. लोखंड्यांनी मुंबईतल्या न्हाव्यांची सभा बोलाविली आणि हे पाप आम्ही आपल्या हातून करणार नाही असा त्यांच्याकडून ठराव करविला. विलायतेच्या वर्तमानपत्रापर्यंत ही बातमी गेली. सुधारक म्हणविणारे कित्येक वर्षे शास्त्राधार शोधीत बसले होते; एका श्लोकास दुसरा श्लोक उत्तर देत होता. येथे श्लोकाची गरजच पडली नाही. ज्याच्या हाती वस्तरा त्याने वस्तरा खाली ठेवला की चाल बंद. बलुतेदाराला धर्मात काही मत असू शकते, हेच मुळी त्या काळी कोणाच्या ध्यानी आले नव्हते. पंडिता रमाबाईंनी 1889 च्या मार्चात मुंबईस शारदासदन उघडून विधवांस आसरा दिला होता, आणि जोतीरावांनी त्याच्याही आधी, 1863 साली, पुण्यात अशा स्त्रियांच्या लेकरांसाठी गृह काढले होते. ह्या मालिकेत न्हाव्यांची सभा ठेविली पाहिजे. एका सभेने चाल मुळातून गेली असे नाही. खेड्यांत ती पुढेही बरेच दिवस राहिली. पण भटाशिवाय न्हावीही नाही म्हणू शकतो, हे लोकांस कळले.

आता राणीच्या बागेची हकिकत. 1893 च्या ऑगस्टात मुंबईत हिंदुमुसलमानांचा भयंकर दंगा झाला. शुक्रवार, 11 ऑगस्ट रोजी जुम्मा मशिदीच्या परिसरात आरंभ झाला. गोरक्षणाच्या चळवळीने आधीच मने तापली होती, आणि काठेवाडात प्रभासपट्टणास झालेल्या दंग्याच्या बातम्यांनी आगीत तेल पडले. दुसऱ्या दिवसापासून गिरण्यांतले मजूर लाठ्या घेऊन उतरले. लष्कर बोलवावे लागले. 75 ते 80 माणसे मेली आणि कित्येक देवळे व मशिदी विटाळल्या गेल्या. ज्या मजुरांस तीन वर्षांपूर्वी धर्माच्या नावाने रविवार मिळाला होता, तेच आता धर्माच्या नावाने शेजाऱ्याचे डोके फोडीत होते.

लोखंड्यांस ह्याचे किती दुःख झाले असेल हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. त्यांनी काय केले तेवढे ठाऊक आहे. मजुरांत त्यांच्या शब्दास जी किंमत होती ती सारी त्यांनी पणास लाविली. दंगा शमल्यावर त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह भायखळ्यास राणीच्या बागेत एकोप्याचा मेळा भरविला. गिरण्यांतून, चाळींतून हजारो लोक आले; हिंदू आले, मुसलमान आले. एकाच खात्यात शेजारी शेजारी उभे राहणारे आणि परवा एकमेकांवर दगड उचललेले लोक त्या झाडांखाली पुन्हा एकत्र उभे राहिले. ह्याच दोन वर्षांत, 1893 व 1894 साली, पुण्यामुंबईकडे गणपतीचा उत्सव घरातून रस्त्यावर आला आणि त्यात राष्ट्रीय भावना आली, तशी मोहरमविषयीची चुरसही आली. दोन्हीही लोकांस धर्माच्या नावाने एकत्र करण्याचे मार्ग. कोणास एकत्र करावयाचे आणि कोणाविरुद्ध, ह्यात अंतर होते. सरकारने लोखंड्यांस ह्या कामाबद्दल रावबहादुर पदवी दिली आणि जस्टिस ऑफ द पीसही केले. त्यांच्यावर सरकारचा माणूस म्हणून जी टीका पुढे झाली तिला ह्या पदव्यांनी हात दिला.

ती टीका पूर्ण खोटी आहे असे म्हणता येणार नाही. मिलहँड्स असोसिएशन म्हणून जी मजुरांची संस्था ते चालवीत तिला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, लिहिलेले नियम नव्हते. लोखंडे होते म्हणून ती होती. संपाचे हत्यार त्यांनी मजुरांस दिले नाही. पुढे परळ-लालबागेत जे मोठमोठे संप झाले, त्यांतील पुढाऱ्यांस लोखंड्यांचे अर्ज भाबडे वाटले. तरी ज्या रविवारी ते पुढारी सभा भरवीत तो रविवार त्यांस आयता मिळाला होता.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रगट झाला, आणि तोही मांडवीस, जेथे लोखंड्यांनी गिरणीच्या कोठारावर दिवस काढले होते. सरकारी माणसे घरांत शिरून रोगी उचलून नेऊ लागली. इस्पितळात नेऊन मारतात, जात बाटवितात, अशी आवई उठली. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणीमजुरांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. भीती आणि सोवळे ह्यांचे असे मिश्रण झाले की औषधासही धर्म आडवा येऊ लागला. तेव्हा एकेका जातीने आपापल्या लोकांसाठी निराळी इस्पितळे काढण्याचा मार्ग धरला, आणि त्या मार्गाने का होईना, रोगी अंथरुणावर आले. लोखंडे ह्या कामात पडले. मजूर ज्याच्यावर विश्वास ठेवीत असा मनुष्य त्या वेळी चाळीत फिरणे हेच मोठे औषध होते. मुंबईतून लाखो लोक पळून गेले, ते राहिले.

त्याच हिवाळ्यात भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टर हाफकीन प्लेगाची लस तयार करीत होते. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली, आणि महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस टोचली. रोगी पाहता पाहता लोखंड्यांस प्लेगाने गाठले होते. 9 फेब्रुवारी 1897 रोजी ते वारले. वयाची पन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती.

3 मे 2005 रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. ज्या खात्यात त्यांनी तरुणपणी थोडे दिवस पत्रे वाहिली, तेच हे खाते.